मिजास आणि पड

माझा मामा जन्मभर एकच काम करत आला, छापलेल्या आकड्यावर विश्वास न ठेवण्याचं. दुधाच्या पिशवीवर अर्धा लिटर लिहिलेलं असलं तरी तो मापात ओतून बघायचा. बाटलीतल्या गोळ्या मोजायचा. औषधवाल्याने एकदा वैतागून त्याला विचारलं होतं की काका, घरी तराजू घेऊन झोपता का, तर मामा म्हणाला, "झोपत नाही, पण उशाशी असतो." घरातल्यांना हे सगळं नकोसं व्हायचं. पण त्याच खोडीवर आमची चूल पेटत होती, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

चांदमारीच्या मैदानावर तो कामाला होता. लांब पल्ल्याच्या बंदुका चालवायला तिथे लोक यायचे आणि मैदानाच्या दुकानातून गोळ्यांचे डबे विकत घ्यायचे. नव्या जातीची गोळी आली की कपाटात लागण्याआधी ती मामाच्या हातात जायची. प्रत्येक डब्यावर कंपनीने एक आकडा छापलेला असतो. ही गोळी हवेला किती जुमानत नाही, त्याचा तो आकडा. तो जितका मोठा तितकी गोळी हवा कापत जाते, वेग टिकवते आणि लांबवर जाईपर्यंत कमी खाली येते. पुस्तकात त्याला भारदस्त नाव आहे. मामा त्याला मिजास म्हणायचा. आणि गोळी खरोखर जितकी खाली यायची त्याला म्हणायचा पड. मिजास डब्यावर असते, पड कागदावर, आणि दोघींची भेट घालून देणं हा आपला धंदा, असं तो ओळख करून देताना सांगायचा.

कंपन्या खोटं बोलतात असं त्याचं म्हणणं नव्हतं. "नवीन नोकरीत पहिल्या आठवड्यात सगळेच वेळेवर येतात," तो म्हणायचा. "हे लोक गोळीला पहिल्या आठवड्यातच मोजतात." म्हणजे गोळी नळीतून नुकतीच सुटलेली, जोमात असते, तेव्हाचा आकडा डब्यावर येतो. पुढे वेग उतरला की तिची मिजासही उतरते, पण तितक्या लांब जाऊन बघायला कोणाला वेळ आहे. जवळ मारलं तर फरक कळत नाही. हजार मीटरवर तोच फरक हातभर होतो. मामा मारून बघायचा, पड मोजायचा, त्यावरून उलटा हिशेब करायचा आणि कपाटाच्या फळीवर डब्याखाली खरा आकडा डकवायचा. तो छापलेल्यापेक्षा बहुतेक कमीच निघायचा. कंपन्यांची माणसं येऊन भांडायची. मामाने कधी पड खाल्ली नाही. हे मैदानावरचं ठरलेलं वाक्य होतं, की गोळी पड खाते, मामा खात नाही.

या धंद्यातली दुसरी अर्धी बाजू मामी होती. ती दुसऱ्या टोकाला असायची.

तिकडे एक लांबट खंदक आहे, सिमेंटचा, माणूसभर खोल. त्याच्या पुढे मातीचा जाड बांध. कागद खंदकाच्या वर चौकटीत उभा असतो, त्यामागे डोंगर. खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून गोळी जाते, कागद भोसकते आणि डोंगरात शिरते. मामी खाली बसून वर बघायची आणि तारेच्या फोनवर मामाला भोक कुठे पडलं ते सांगायची. पण मामाला तिच्याकडून आणखी एक गोष्ट हवी असायची. गोळी आवाजापेक्षा वेगात असली तर डोक्यावरून जाताना फाडकन वाजते. बंदुकीचा धप्प आवाज त्याच्या मागून, बऱ्याच उशिराने येतो. आधी भोक, मग आवाज, अशी तिथली उलटी रीत. आणि गोळी वाटेत दमून आवाजाहून हळू झाली असली तर ती वाजतच नाही. कागदात भोक उगवतं, बस्स. पहिलीला मामी म्हणायची "बोलली". दुसरीला "मुकी". ज्या अंतरावर बोलायला हवी तिथे गोळी मुकी आली, तर डब्यावरची मिजास खोटी, हे मामाला कागद बघण्याआधीच कळायचं.

आई गेल्यावर मी या दोघांकडेच वाढले. सुट्टीच्या दिवशी मामी मला खंदकात घेऊन बसायची. कानात बोळे, तरी फाडकन वाजलं की मी तिच्या मांडीत शिरायचे. ती हसायची. "बोलणारीला काय घाबरायचं, बाळा? ती बोलली म्हणजे गेली. भ्यायचं ते मुकीला." मग ती फोनवर सांगायची. बोलली असेल तर लगेच. मुकी असेल तर मात्र ती आधी थांबायची. श्वास धरून, मान तिरकी करून. न जाणो वाऱ्याने आवाज खाल्ला असेल, नाहीतर आपलंच लक्ष नसेल, म्हणून पुरती खात्री करायची आणि मग हळू आवाजात म्हणायची, "मुकी." तिकडे मामा फोन कानाला लावून तेवढा वेळ गप्प उभा असायचा.

घरीही ती तशीच होती. मामाशी वाद घालायची नाही. तोंडाने हो म्हणायची आणि हवं तेच करायची. "तुझ्या मामाशी संसार केल्यावर डोक्यावरून काय जातं याची भीतीच उरत नाही," असं शेजारणीला सांगायची.

मग ती खराब दिसायला लागली. बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. जिना चढताना मध्येच कठड्याला टेकून उभी राहायची आणि खाली काहीतरी बघत असल्यासारखं दाखवायची. मामाने तिला तपासायला नेलं. रक्त, फोटो, सगळं झालं. प्रत्येक आकड्यासमोर छापलेलं आलं, मर्यादेत. मामाने तो कागद कपाटाच्या दाराला चिकटवला. जन्मात पहिल्यांदा छापलेल्या आकड्यावर त्याने विश्वास ठेवला, आणि मला त्याचा आजही राग येतो, कारण त्याला ठेवायचाच होता. पानं गळायच्या आत ती गेली. रात्री झोपली, सकाळी उठली नाही. कण्हणंबिण्हणं काही नाही.

त्यानंतर मामा बदलला. तो रडला असता तर बरं झालं असतं. तो सगळ्याला हो म्हणायला लागला. दूध मापात ओतेना. दुकानदाराने दिलेली मोड न बघता खिशात टाकायचा. मैदानावर खंदकाचं काम बंद झालं. चौकटीच्या कोपऱ्यांत यंत्राचे कान बसवले, ते गोळीचा फटका ऐकून ती कुठून गेली ते इकडे पडद्यावर दाखवायचे. मामा त्यालाही बरं म्हणाला. मी तोवर मैदानाच्या दुकानात बसायला लागले होते. नवे डबे यायचे, मामा दोन गोळ्या मारल्यासारखं करायचा आणि डब्यावरचाच आकडा खाली डकवायचा. कंपन्यांची माणसं आता हसतमुखाने यायची. मला ते बघवत नव्हतं. माणूस जिवंत असून त्याची जागा रिकामी झाल्यासारखी वाटायची.

आणि मग तो आला, ज्याला मी मनातल्या मनात मिजासराव म्हणायचे. एका कंपनीचा माणूस, बूट चकचकीत, बोलणं त्याहून. नवी गोळी आणली होती, लांब, टोकदार, डब्यावर आकडा असा की आमच्या कपाटात तेवढा कुणाचाच नव्हता. अगदी लांबच्या बांधावरून जातानासुद्धा, दीड किलोमीटरवर, ती आवाजाच्या पुढे असेल, असं तो मोठ्या खरेदीदारांसमोर सांगत होता. आदल्या दिवशी मारून पाहिलं तर पडद्यावर काहीच उमटलं नाही. यंत्र बिघडलंय, तो म्हणाला. मैदानाचे साहेब म्हणाले, मग उद्या खंदकात कुणीतरी बसवू, कागद बघून सांगेल. खंदकाचा सराव माझ्याशिवाय कुणाला उरला नव्हता.

"मामा, जाऊ ना मी?" मी विचारलं.

"जा की."

"काही सांगायचंय?"

"डोकं खाली ठेव," एवढंच बोलला.

ठरलं ते असं. मिजासराव डब्यावरच्या आकड्याप्रमाणे दुर्बीण लावणार आणि स्वतः मारणार. ठरलेल्या गोळ्यांची एक फेरी झाली की मामा फोन करणार, मी वर चढून कागद बघून सांगणार. मामीच्या वेळी पहिली गोळी नेहमी मुद्दाम वर, डोंगरात मारायचे. पड जास्त निघाली तर खाली बांध आहे आणि बांधाआड माणूस आहे, म्हणून. मिजासरावाला ते पटलं नाही. आकड्याची परीक्षा आहे तर आकड्यानेच मारायचं, असं तो म्हणाला. सगळ्यांनी मामाकडे बघितलं. मामा म्हणाला, "बरं."

दुपार होती. ऊन स्वच्छ, आणि वारा खंदकाकडून बंदुकीकडे वाहत होता. मी खाली बसले. तिथे बसलं की आकाशाची एक पट्टी आणि कागदाचा खालचा भाग, एवढंच दिसतं. मामीची पाटासारखी लाकडी बैठक तशीच होती, तिच्यावर कोळ्याने जाळं विणलेलं. मी कानात बोळे घातले नाहीत. बोलली की मुकी ते मलाही ऐकायचं होतं.

काही झालंच नाही. वाट बघितली. बांधावरून चार खडे घरंगळत माझ्या पायाशी आले, तर मी म्हटलं, सरडा असेल. पुन्हा सगळं शांत. पाखरूसुद्धा नाही. इतक्या वेळात दोन फेऱ्या व्हायला हव्या होत्या. मी फोन उचलला, तर तो निर्जीव. नुसता बंद नव्हता, त्यात ती नेहमीची बारीक घरघरही नव्हती. मला वाटलं, मिजासरावाचं आणि साहेबांचं काहीतरी बिनसलं, सगळे चहाला गेले आणि मला विसरले. तेव्हा भीती नव्हती, संताप होता. चांगलं खडसवायचं म्हणून मी लोखंडी शिडीवर चढले. दोन पायऱ्या, तीन. कागद आता पूर्ण समोर होता.

त्यात भोकं होती. एकाखाली एक, वरून खाली उतरत आलेली, चार की पाच. मी बघतच राहिले. आवाज एकही झाला नव्हता. मी बसले तेव्हा कागद कोरा होता, मी स्वतः डकवलेला. कोण येऊन गेलं, असाच विचार पहिल्यांदा डोक्यात आला. खरंच मी मागे वळून खंदकात बघितलं, कोणी उभं आहे का. पुन्हा वर बघितलं आणि माझ्या डोळ्यांदेखत सगळ्यांच्या खाली आणखी एक भोक उघडलं. त्यातून पलीकडचा डोंगर दिसला. कागद जरासा हलला. बस्स.

मग मला कळलं. हात सुटले, मी शिडीवरून खाली कोसळले आणि भिंतीला पाठ लावून बसले. पुढचं भोक कागदाच्या खाली पडणार होतं, आणि कागदाच्या खाली मघाशी माझं कपाळ होतं. मी वर एकटक बघत होते. मारताहेत की थांबलेत, हे सांगणारं जगात काही नव्हतं. शांतता तीच होती. मामीच्या बैठकीला मी घट्ट धरून ठेवलं होतं आणि माझे दात वाजत होते, उन्हात. तेवढाच एक आवाज.

किती वेळ गेला कोण जाणे. मग लांबून हाक ऐकू आली. मामाची. तो चालत येत होता, उघड्या मैदानातून, हाका मारत. "मी आहे गं. मीच आहे. उठू नकोस, येतोय." बांध वळसा घालून तो आला, खंदकात उतरला, घामाने निथळत. त्याने आधी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, अगदी चाचपून, दुखतंय का विचारायच्या आधी. बंदुकीचा मागचा दांडा, ज्याच्याशिवाय ती उडत नाही, तो त्याच्या खिशात होता. बंदूक रिकामी करून तो काढून घेऊन आला होता, म्हणजे मागे कुणी शहाणपणा करायला नको.

तिकडे काय झालं ते साहेबांनी मला नंतर सांगितलं. मिजासरावाच्या बंदुकीला आवाज दाबणारी नळी होती, शिवाय वारा उलटा, त्यामुळे धप्पही माझ्यापर्यंत आला नाही. पहिली गोळी डब्याच्या आकड्याने गेली आणि पडून बांधाच्या कडेवर बसली. फोनची तार तिथूनच जाते. ते खडे सरड्याचे नव्हते. यंत्र सकाळी तपासून घेतलं होतं, तरी पडदा कोरा राहिला, तेव्हा मामा एवढंच म्हणाला, थोडी वर घ्या. मिजासरावाने नाक मुरडून वर घेतली. गोळ्या कागदावर लागायला लागल्या, पण मुक्या. यंत्र कानाने बघतं, मुकी त्याला दिसत नाही. पडदा कोराच. डोंगर आदल्या पावसाने ओला, धूळही उडेना. मग मिजासराव म्हणाला, आमची गोळी तुमच्या अंदाजापेक्षा सरस आहे, ती कागदावरून पलीकडे जातेय. आणि आपल्याच छापलेल्या आकड्याच्या भरवशावर त्याने एकेका गोळीला दुर्बीण खाली खाली आणली. माझ्या दिशेने.

तेव्हा मामाने फोन उचलला. साहेब म्हणाले, फेरी तर होऊ दे. मामा फोन कानाला लावून उभा राहिला. पलीकडे काहीच नाही. साहेब म्हणाले, तिचं लक्ष नसेल. मिजासराव म्हणाला, गोळी वाजत जाते, तिला ऐकू येतच असेल, काळजी कसली, एक शेवटची बघतो. मामा तसाच उभा. साहेब सांगत होते की त्याचा चेहरा बघून त्यांना कसंतरी झालं, कारण बंद फोनवर तो लक्ष देऊन काहीतरी ऐकत होता, मान तिरकी करून. मग त्याने फोन ठेवला, पुढे झाला आणि दुर्बिणीच्या तोंडावर तळहात ठेवला. बोट चापावर असलेल्या माणसाच्या दुर्बिणीवर. म्हणाला, "मुकी आहे. पोरगी वर चढत असेल."

खंदकात माझ्याशेजारी बसल्यावर मी त्याला विचारलं, "फोन तर तुटला होता. तुला कसं कळलं?"

"ती थांबली," मामा म्हणाला.

"कोण?"

तो बैठकीवरचं जाळं बोटाने पुसत राहिला. मग म्हणाला, "शेवटी शेवटी मी रोज विचारायचो, कशी आहेस. ती आधी थांबायची. मग म्हणायची, बरी आहे. मी आपला बरी आहे तेवढं ऐकायचो. कपाटावर कागद होता ना, सगळं मर्यादेत." त्याने खिशातला दांडा काढून मांडीवर ठेवला. "इतकी वर्षं तिचं ते थांबणं कानाला लावून उभा राहिलो, पोरी. घरात, हातभर अंतरावर, ऐकू आलं नाही मला. आज आलं."

मी त्याला म्हटलं, मामा, तार तुटली होती, तिकडे कोणीही नव्हतं. तो म्हणाला, "माहीत आहे." मग आम्ही दोघं तिथे बसून राहिलो. खंदकात आवाज नव्हता, आणि मला मान वर करून कागदाकडे बघायचा धीर झाला नाही.

त्या गोळीचा खरा आकडा मामाने त्याच दिवशी फळीवर डकवला. मिजासराव ओरडला, कंपनीचं पत्र आलं, साहेबांनी समजावून बघितलं. मामाने पड खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी दूध मापात ओतलं आणि दूधवाल्याशी भांडला. मला इतका आनंद झाला की मी त्या दूधवाल्याला नंतर गाठून त्याची माफी मागितली.

मामा आता निवृत्त आहे. मी दुकानात असते आणि दुपारी त्याला फोन करते. तो हवामानाला शिव्या घालतो, शेजाऱ्यांना घालतो, मला घालतो. परवा तसाच फोन केला. दुकानात गिऱ्हाईक होतं, मी एका हाताने डबा पुढे सरकवत सवयीने विचारलं, "कसा आहेस, मामा?"

पलीकडून काही आलं नाही. तार चालू होती, ती बारीक घरघर ऐकू येत होती. मग तो हळू आवाजात म्हणाला, "बरा आहे."

मी पुढे काही विचारलं नाही. "दाराची कडी काढून ठेव," म्हटलं, गिऱ्हाइकाला बाहेर काढलं, शटर ओढलं आणि निघाले.